टॅटूच्या रिॲलिटी शोंनी कला आणली म्हणे! ठाण्यातून एक उत्तर

नौपाडा_सुई
काल एका धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, 'मायामी इंक, एलए इंक आले म्हणून आपल्याकडे टॅटूची कला झाली. आधी होतं ते जत्रेतलं गोंदण. स्टुडिओवाल्यांनी या शोंच्या पायाचं तीर्थ घ्यावं.' तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी ठाण्यात स्टुडिओत काम करतो. मायामी इंक २००५ला टीएलसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालं आणि साचा पडला. गिऱ्हाईक येतं, वारलेल्या भावाची गोष्ट सांगतं, शोमधला टॅटूवाला ॲमी जेम्स मान डोलावतो, मध्ये जाहिरात, परत येतो तर दंडभर चित्र तयार. मधले तास गेले कुठे? आधी रेघा, मग शेडिंग, मग रंग. तिसऱ्या तासाला माणूस पांढराफटक पडतो, त्याला आडवं करून ग्लुकोज पाजावं लागतं. हे कधी दाखवलं?

सगळ्यात मोठी लबाडी शेवटच्या क्लोजअपमध्ये आहे. तो ताज्या टॅटूचा असतो, आणि ताजा टॅटू कुणीही केलेला असो, चमकतोच. खरं काम कळतं महिन्या-दीड महिन्याने, खपली पडून कातडी बसली की. सुई खोल गेली असेल तर रेघ पसरलेली दिसते, वरच्या वर फिरली असेल तर रंग उडालेला. इंक मास्टर या टॅटूच्या स्पर्धेत (२०१२पासून) घड्याळ लावून काम, लगेच निकाल आणि सुरुवातीच्या पर्वांत विजेत्याला एक लाख डॉलर. न भरलेल्या जखमेवर कसला निकाल देता?

याचे भोग आमच्या वाट्याला. पोरगा मोबाइलवर अख्ख्या हाताचा फोटो दाखवतो आणि विचारतो, 'संध्याकाळपर्यंत होईल ना?'

रंगपेटी
सुईदादा, पूर्ण असहमत. मी वाशीची. कॅट व्हॉन डीला एलए इंकमध्ये पाहिलं तेव्हा मी शाळेत होते. हातात मशीन असलेली, हॉलिवूडमध्ये स्वतःचं दुकान चालवणारी बाई मी त्याआधी पाहिलीच नव्हती. आईचं म्हणणं होतं, चित्रकलेत गती आहे तर बीएड करून शाळेत लाग. आज मी टॅटू करते, घराचा हप्ता भरते. माझ्या आयुष्यात त्या शोने जे केलं ते तुमच्या क्लोजअपच्या तक्रारीने पुसलं जाणार नाही.

आणि स्वच्छता? हातमोजे, पाकिटातली नवी सुई, मशीनला गुंडाळलेलं प्लास्टिक, हे सगळं मागायला गिऱ्हाइकाला कुणी शिकवलं?

नौपाडा_सुई
त्याच कॅट व्हॉन डीने २००७मध्ये २४ तासांत ४०० टॅटू करून विक्रम केला. म्हणजे सुमारे साडेतीन मिनिटांना एक. याला कला म्हणायचं?

सुईचं पाकीट समोर फोडा असं लोक सांगतात, ते टीव्हीमुळे. बरं, एवढं दिलं. याउपर एक इंच नाही.

घणसोलीकर
'आधी होतं ते जत्रेतलं गोंदण', या वाक्यावर कुणीच काही बोलत नाही? माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, हनुवटीवर ठिपके होते. ती म्हणायची, मेल्यावर सोनं इथंच काढून ठेवतील, बरोबर येईल ते गोंदणच. नवी मुंबई वसवायला सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, गावाभोवती सेक्टर उभे केले, बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडासाठी आमच्या माणसांनी चपला झिजवल्या. आता तिथल्याच बिल्डिंगीत बसून आम्हाला सांगताय की कला अमेरिकेतून आली?

रंगपेटी
भाऊ, आजीबद्दल आदर आहे. पण एकच सुई, एकच काजळीची वाटी आणि बायांची रांग. हिपॅटायटिस बी असाच पसरतो. हे बोलायचंच नाही का?

घणसोलीकर
बोला की! पण जत्रेतल्या मशीनवाल्याबद्दल बोला, तो आजही एका सुईने दिवस काढतो. माझ्या आजीला मध्ये आणू नका.

वर्षा_ऐरोली
तुमची भांडणं चालू द्या, मी वेगळंच सांगते. माझा भाचा कळव्याच्या मैदानावर पहाटे पाचला धावायचा. निमलष्करी भरतीत लेखी पास, धावणं पास, आणि मेडिकलला बाहेर. कारण उजव्या हातावरचा टॅटू. त्यांना चालतो तो डाव्या हाताचा, कारण सलाम उजव्या हाताने करतात. तोही कोपराखाली आतल्या बाजूला नाहीतर पंजाच्या मागे, धार्मिक चिन्ह किंवा नाव, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान. ज्या स्टुडिओने केला त्याने एका शब्दाने विचारलं नाही की बाळा, भरतीची तयारी करतोस का. पैसे मात्र मोजून घेतले.

मीठबंदर
लेझरने काढता येतो की.

वर्षा_ऐरोली
काढून पाहिलाय का कधी? काळा रंग निदान फिका पडतो, हिरवा-निळा चिवट. दोन बैठकांमध्ये कित्येक आठवडे थांबायचं. तोवर भरती संपते. आणि डाग राहिला तर पुन्हा डॉक्टरपुढे हात पुढे करायचा.

मीठबंदर
नियम वाचायची जबाबदारी उमेदवाराची. एकोणीस वर्षांचा घोडा झालाय, त्याला कळत नाही?

वर्षा_ऐरोली
घोडा म्हणू नका. बाप नाही त्याला. आईने वडापावची गाडी लावून त्याला भरतीच्या अकादमीत घातलं होतं. तुम्ही कधी भरतीच्या रांगेत उभे राहिलात?

मीठबंदर
शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

खाडीपूल
सैन्यात आदिवासी उमेदवारांना परंपरेच्या गोंदणासाठी सवलत आहे, हेही लिहा. म्हणजे सरकारलाही घणसोलीकरांची आजी कळते. रक्तदानाचंही सांगा, टॅटू केल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत. आमच्या शिबिरातून दरवेळी पोरं परत जातात आणि म्हणतात, हे आधी का नाही सांगितलं.

रंगपेटी
वर्षाताई, वाईट झालं, मनापासून सांगते. पण याचा टीव्हीशी काय संबंध?

वर्षा_ऐरोली
संबंध आहे. त्या शोमध्ये ज्याच्या त्याच्या गळ्यावर, पंजावर चित्रं. ती माणसं स्वतःच्या दुकानाची मालक, त्यांना कोण नाकारणार? आमच्या पोराला मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं होतं. पोराने त्यांच्यासारखाच हात मागितला आणि स्टुडिओने करून दिला.

नौपाडा_सुई
ताई बरोबर बोलल्या. अमेरिकेतले जुने कारागीरही पहिल्याच टॅटूला गळा आणि पंजा करायला नकार देतात, नोकरी जाते म्हणून. धंद्यातली ही रीत माहीत असणारी माणसं त्याच शोमध्ये बसलेली आहेत, पण नकार दिलेलं गिऱ्हाईक पडद्यावर कितीदा दिसतं? नकारावर भाग बनत नाही. मी स्वतः विशीच्या आतल्या प्रत्येकाला विचारतो, भरती, मर्चंट नेव्ही, काही डोक्यात आहे का. पुष्कळ जण चिडून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

रंगपेटी
विचारायला हवं, मान्य. मी उद्यापासून फॉर्मवर तो प्रश्न टाकते. शो वाईट होते हे मात्र अजूनही पटलेलं नाही.

वर्षा_ऐरोली
फॉर्मवर नको, तो कुणी वाचत नाही. तोंडाने विचारा. आणि डावा-उजवा तक्ता काउंटरवर लावा, मराठीत.

घणसोलीकर
तक्ता लावा, चांगलंच आहे. पण जत्रेतलं गोंदण म्हणून हिणवणाऱ्याने अजून इथे तोंड दाखवलेलं नाही. त्याला कुणीतरी बोलवा, माझं अजून बोलून झालेलं नाही.