मदत हवी आहे : प्रथिनं बदलत राहतात, मग आठवण टिकते कशी?

नमस्कार मंडळी. बडोद्यात अकरावी-बारावीच्या मुलांपुढे स्मृती या विषयावर मराठीतून बोलायचंय. मुलं गुजराती माध्यमातली, त्यामुळे जड संज्ञा चालणार नाहीत.

सिनॅप्समधली (म्हणजे दोन मेंदूपेशी जिथे जोडल्या जातात त्या सांध्यातली) प्रथिनं काही दिवसांत-आठवड्यांत मोडतात, नवी येतात. आठवण मात्र वर्षानुवर्षं राहते. डीएनएच्या रचनेच्या शोधासाठी ओळखले जाणारे फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली हाच पेच मांडला होता. २०२४ मध्ये उंदरांवरच्या कामातून एक उत्तर पुढे आलं: किब्रा हे प्रथिन बळकट झालेल्या सिनॅप्सवर बसतं आणि पीकेएम-झीटा या एन्झाइमला तिथेच धरून ठेवतं. औषध देऊन ही पकड सोडवली, की काही आठवड्यांपूर्वीची आठवणही जाते.

२०१३ च्या प्रयोगांत पीकेएम-झीटा नसलेले उंदीरही शिकत होते, मग आठवणीला ते लागतंच कशाला, हा आक्षेप माहीत आहे. तिथे त्याचंच भावंड असलेलं दुसरं एन्झाइम काम सांभाळतं, हेही वाचलंय. (स्मरणशक्ती वाढवायचे उपाय कृपया नकोत!)

अडलंय ते इथे: किब्रासुद्धा शेवटी प्रथिनच, तेही मोडणार. मग नवं किब्रा नेमकं त्याच सिनॅप्सवर कशामुळे येतं? आधीची किब्रा-झीटा जोडी नव्याला ओढून घेते, की आणखी एखादी खूण असते? आणि यात प्रयोगाने दाखवलेलं किती, अंदाज किती?