नवा हुप्प्या पिल्लं मारतो हे खरंय का?

रानवाट: आमच्या गावी देवळामागच्या वडावर वानरांची टोळी असते. आजी सांगायची, नवा हुप्प्या आला की तो टोळीतली फक्त नर पिल्लं मारून टाकतो. मला वाटायचं भीती घालायला सांगते. परवा ऑफिसात एकजण म्हणाला की कुणा अमेरिकन बाईने माउंट अबूला राहून यावरच पीएचडी केलीय. कोण ती?

चिंचगूळ: सारा हर्डी. जन्म १९४६, टेक्सासची, हार्वर्डला शिकत होती. १९७१ला अबूला आली ती वेगळंच डोक्यात घेऊन, की गर्दी फार झाली की वानरं बिथरतात आणि पिल्लं मारतात. पण बघते तर गर्दीचा काही संबंधच नाही, मारणारा बाहेरून आलेला नर, जुन्याला हाकलून टोळी ताब्यात घेतलेला. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि याच्या हातात टोळी असते जेमतेम दोन-अडीच वर्षं, मग थांबतो कशाला. आजीचं एवढंच चुकलं की मादी पिल्लंही सुटत नाहीत. १९७५ला पीएचडी, १९७७ला अबूच्या वानरांवर पुस्तक.

धारवाडी पेढा: आमच्या धारवाडलाही थोडं क्रेडिट द्या की राव! सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने साठच्या दशकातच हे तिथे पाहिलं होतं. कारण मात्र हर्डीबाईंनी लावलं. त्यावर केवढा गदारोळ, म्हणे ही माणसांत राहून बिघडलेली वानरं, नॉर्मल नव्हेत. शेवटी १९९९ला नेपाळच्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासले तर मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हतेच.

चिंचगूळ: आणि माद्या काय गप्प बसतात होय? सोल नावाची एक म्हातारी वानरी, एकटीदुकटी राहणारी, पण नर पिल्लावर आला की अंगावर धावून जायची. शिवाय माद्या बाहेरच्या नरांशीही जुळतात, पोटुशी असताना सुद्धा, म्हणजे बाप कोण याचा घोळच राहावा, असं हर्डीचं म्हणणं. मला तर हाच भाग जास्त भारी वाटतो, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष नरांच्या मारामाऱ्यांवर. पुढे तिने माणसाच्या पोरांकडे मोर्चा वळवला, एकट्या आईच्याने ती वाढतच नाहीत, आजी-मावश्या लागतातच, यावर २००९चं पुस्तक आहे.

रानवाट: बापरे. आमच्याकडे दिवाळीपासून नवा हुप्प्या आलाय. दोन लेकुरवाळ्या तेव्हापासून वडावर येतच नाहीत, कळसापाशी पिल्लं पोटाशी धरून बसलेल्या असतात. मी म्हणत होतो ऊन खातायत.