जावळाचं जेवण बाधलं, पण चौकशी ठणठणीत माणसांची कशाला?

जेलरोडची_सून
रविवारी दिराच्या मुलाचं जावळ झालं. दुपारी दोनला पंगती बसल्या. बोकडाचं मटण, भाकरी, भात, शाकाहारी लोकांना पनीर आणि पोरांनी हट्ट धरला म्हणून मेयोनीजची सँडविचं. रात्री अकरानंतर एकेकाला पोटात मुरडा, जुलाब, अंगात ताप. सोमवारी दुपारपर्यंत ३५ जण आडवे. सासूबाईंच्या माहेरचे म्हणतात, बोकडच आजारी होतं. बोकड आणलं चुलत सासऱ्यांनी, त्यामुळे घरात बोलणं बंद व्हायची वेळ आलीय.
काल आरोग्य विभागाची माणसं आली. आजाऱ्यांना विचारलं ते समजू शकते, पण ज्यांना काहीच झालं नाही त्यांनाही एकेक पदार्थ खाल्ला का, कधी खाल्ला, असं खोदून खोदून विचारलं. जाऊबाई वैतागल्या, "मला कुठे काय झालंय?" हे लोक नेमकं शोधतात तरी काय?

पंचवटीचा_पाटील
मटणच असणार, दुसरं काय. केटररला धरा.

निवृत्त_मलेरियावाला
पाटीलसाहेब, एवढ्यात फाशी नको.
ताई, मी आरोग्य सेवक म्हणून निफाड-दिंडोरीकडे नोकरी केली, गावात आम्हाला सगळे मलेरियावालेच म्हणायचे. चौकशीच्या या फॉर्मवर लोक हमखास चिडतात. पण तुमच्या जाऊबाईंचं उत्तर आजाऱ्याच्या उत्तराइतकंच कामाचं. आजारी पडलेल्यांतल्या बहुतेकांनी मटण खाल्लं, यावरून काही ठरत नाही. जावळाला मटण बहुतेक सगळेच खातात.
आकडे समजण्यापुरते घेतो. ९२ माणसं जेवली. मटण खाणारे ६०, त्यातले २४ आजारी, म्हणजे ४० टक्के. न खाणारे ३२, त्यातले ११ आजारी, म्हणजे ३४ टक्के. फरक कितीसा? आता सँडविच घ्या. खाणारे ४२, आजारी ३१, म्हणजे जवळपास ७४ टक्के. न खाणारे ५०, आजारी फक्त ४, म्हणजे ८ टक्के. धडधाकट लोकांना विचारलंच नसतं तर हे टक्के काढणार कशाचे?
ते ४ जणही सोडायचे नाहीत. पोराच्या ताटात उरलेला तुकडा तोंडात टाकणारी आई "मी सँडविच खाल्लंच नाही" असंच सांगते, आणि खोटं बोलत नसते बिचारी. म्हणून खोदून विचारायचं.
वेळेचंही तसंच. स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष असेल तर १ ते ६ तासांत उलट्या सुरू, ताप सहसा नाही. साल्मोनेला हा दुसरा जंतू बहुतेकदा १२ ते ३६ तासांत दिसतो, कधी ६ तासांतही, आणि सोबत ताप. कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवस घेतो. तुमचं गणित साल्मोनेलाकडे झुकतंय, पण शिक्का लॅबच मारणार. त्यासाठी शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो. इथेच घोडं अडतं. आम्ही पोहोचेपर्यंत गोळ्या चालू झालेल्या, पातेली घासून पालथी घातलेली आणि उरलेलं अन्न कुत्र्यांना.
मेयोनीज बाटलीतलं होतं की तिथे केलेलं?

जेलरोडची_सून
तिथेच केलं काका. केटररच्या पोऱ्याने कच्ची अंडी मिक्सरला फिरवली आणि पातेलं दुपारभर मंडपात उघडंच. पण अंडी धुऊन घेतली होती, मी स्वतः पाहिलं. आणि दोघांची विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आलीय, म्हणजे टायफॉइड ना?

गुरांचा_डॉक्टर_सिन्नर
धुऊन काय होणार? साल्मोनेला एन्टेरिटिडिस कोंबडीच्या अंडाशयातच असू शकतो. कवच चढायच्या आधीच तो आत गेलेला असतो आणि कोंबडी मात्र दाणे टिपत मजेत फिरते. ट्रेमध्ये असं अंडं एखादंच निघालं तरी केटरर सगळी एकाच भांड्यात फोडतो, वर मंडपातला उकाडा. उकळत्या रश्श्यात हा जंतू टिकत नाही, मेयोनीजला आच कुठली? म्हणूनच केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली.
विडालचं मनावर घेऊ नका. रविवारच्या जेवणाच्या अँटिबॉडी इतक्यात रक्तात दिसत नाहीत. ते जुनं काहीतरी असेल. शिवाय टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो, कोंबडी-बोकडाचा त्याच्याशी संबंध नाही. स्टूल कल्चर करा, ओआरएस पाजत राहा, लहान मूल मलूल पडलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या.
पुढची पायरी म्हणजे अंड्यांचा माग: दुकान, होलसेलवाला, पोल्ट्रीची शेड. माणसात सापडलेला साल्मोनेला ओळखायला कसौलीच्या केंद्रात पाठवता येतो, जनावरांतला बरेलीजवळ इज्जतनगरला. त्याचे २५०० हून जास्त सेरोटाइप, म्हणजे उपप्रकार आहेत. दोन्हीकडचा जुळला की संशय बळावतो, पण नेहमीचाच सेरोटाइप असेल तर तेवढ्यावर पोल्ट्रीवाल्याला दोषी धरता येत नाही, जनुकीय तपासणी लागते.

निवृत्त_मलेरियावाला
डॉक्टर, माग काढताना वाहतूकही बघायची. अमेरिकेत १९९४ साली आइस्क्रीममधून अंदाजे २,२४,००० लोकांना साल्मोनेला झाला. आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चराइज केलेलं होतं, दोष निघाला टँकरचा. आधीच्या खेपेला त्यातून फोडलेली कच्ची अंडी नेली होती.

पंचवटीचा_पाटील
बरं, बोकडाला जामीन दिला. पण चुलत सासऱ्यांना कोण सांगणार?

जेलरोडची_सून
ते मी सांगते. जाऊबाईंनी मटण दोनदा घेतलं होतं, सँडविचला हात लावला नव्हता, हे आत्ताच विचारून घेतलं. अंड्यांचे रिकामे ट्रे अजून हॉलच्या मागे पडलेत. फेकायला सांगू?

निवृत्त_मलेरियावाला
अजिबात नको! कुणी हात लावू नका. ट्रेवर पोल्ट्रीचा शिक्का किंवा चिठ्ठी असेल तर फोटो काढा आणि काल आलेल्या माणसांना आत्ताच्या आत्ता फोन करा. फॉर्मच्या पावतीवर नंबर असेल.