मॅमोग्राफी: अर्ध्या दिवसाच्या रजेत कशी बसवायची?

चाफा: वय ४३. गाठ नाही, दुखत नाही, घरात कोणाला कर्करोग नव्हता. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायचं दोन वर्षं ठरवतेय, पण तिमाही अखेर येते, मग ऑडिट येतं, आणि राहून जातं. हातात फक्त अर्धा दिवस आहे. ऑफिसच्या शिबिरात करावी की बाहेर? तुम्ही शेवटी कशामुळे गेलात?

रातपाळी: अर्ध्या दिवसात काही होत नाही. मी पूर्ण दिवस काढून रक्त, हृदय, हाडं सगळं एकदमच तपासून घेतलं. तुम्हीही तेच करा.

सुईदोरा: ताई, नुसत्या मॅमोग्राफीला वीसेक मिनिटं लागतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो. दाब जोरात बसतो, पण काही सेकंदच. मी पाळीच्या तोंडावर गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात जा. डिओ, पावडर लावू नका, फोटोत ठिपके दिसू शकतात.

निळीशाई: मीही पाळीच्या आधीच गेले होते, काही दुखलं नाही. तंत्रज्ञ बाईंचा हात हलका हवा.

सुईदोरा: प्रत्येकीचं शरीर वेगळं. मी माझं सांगितलं.

कडीकुलूप: शिबिरात अजिबात नको! आमच्याकडे अहवालांची पाकिटं साहेबांच्या टेबलावर गठ्ठ्याने पडून होती. माझं उघडलेलं होतं. त्यानंतर चार वर्षं मी कुठेच तपासायला गेले नाही.

रातपाळी: आमच्याकडे शिबिर होतं म्हणूनच बायका गेल्या. एकीने नाव दिलं की दुसरी देते. अवांतर: रात्रपाळीने कर्करोगाचा धोका वाढतो हे खरं का?

आकडेमोड: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. 'बहुधा'च, पक्कं सिद्ध नाही.
चाफा, घरात कोणाला नाही यावर विसंबू नका. स्तनाचा कर्करोग होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो. अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर २ वर्षांनी करा असं सांगतात. आधी सरसकट शिफारस ५० पासून होती. गाठ लागली, तर मात्र कुठल्याही वेळापत्रकाची वाट बघू नये.

निळीशाई: लिफ्टमधलं पोस्टर मी रोज वाचायचे, जागची हलले नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारीख घातली तेव्हा गेले. मग पुन्हा बोलावणं आलं. स्तनाची घनता जास्त, फोटोत नीट कळेना, म्हणून सोनोग्राफी. काही निघालं नाही. पण मधले ९ दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. परत बोलावलेल्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो, एवढं आधी कोणी सांगायला हवं होतं.

रातपाळी: म्हणूनच म्हणते, पूर्ण दिवस काढा.

चाफा: सगळ्यांचे आभार. शिबिर नको, सगळ्या तपासण्याही नकोत. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याच वयाची आहे. दोघी मंगळवारी सकाळी पहिल्या वेळेला जातोय. अर्जात कारण 'वैयक्तिक'. पाळीचं गणित जमत नाही, तरी जातेय. पुढे ढकललं की ऑडिट लागेल.

कडीकुलूप: अहवाल तुमच्याच हातात द्यायला सांगा. फोटोही जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात.