नातवाला दोन दिवसांचा ताप, आजीला मात्र न्यूमोनिया: असे का?

फोंडेकर:
चवथीला घरी सगळे जमले असताना माझ्या सात वर्षांच्या मुलाला सर्दी-ताप झाला आणि तिसऱ्या दिवशी तो अंगणात खेळू लागला. बहुधा त्याच्याकडूनच ७८ वर्षांच्या आईला लागण झाली. तिचा ताप ९९ अंशांवर गेला नाही म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि पाचव्या दिवशी तिला न्यूमोनियामुळे रुग्णालयात हलवावे लागले. आता ती बरी आहे. वयाने प्रतिकारशक्ती कमी होते असे सगळे सांगतात. पण नेमके काय कमी होते?

जीवशास्त्र शिक्षिका, डिचोली:
‘कमी होते’ हे अर्धेच उत्तर झाले. म्हातारपणी ही यंत्रणा उशिरा जागी होते आणि जागी झाली की वेळेवर थांबत नाही. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. हा इशारा वृद्धांमध्ये क्षीण होतो किंवा लांबतो, आणि तेवढ्या अवधीत विषाणूची संख्या वाढते. नव्या विषाणूला ओळखू शकणाऱ्या कोऱ्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, परंतु ती ग्रंथी पौगंडावस्थेपासूनच आक्रसत जाऊन तिच्या जागी चरबी साठते. उलट, शरीरात मंद दाह मात्र कायम धुमसत असतो. क्लॉडिओ फ्रान्चेस्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. या दाहात संसर्गाची भर पडली की विषाणूइतकीच इजा फुफ्फुसाला स्वतःच्या पेशींकडूनही होऊ शकते.

निवृत्त परिचारिका:
शिक्षिकाबाईंच्या उत्तराला शरीराच्या यांत्रिक बाजूची जोड द्यावीशी वाटते. बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, श्वासाचे स्नायू थकतात, कफ वर ढकलणारे सूक्ष्म रोम मंदावतात आणि खोकल्यात जोर उरत नाही. साचलेल्या कफात मग जिवाणूंचे फावते. तापाचे म्हणाल तर वृद्धांना तो पुष्कळदा चढतच नाही. जेवण टाकणे, असंबद्ध बोलणे, श्वास जलद होणे, हीच त्यांची लक्षणे समजावीत.

पेडणेकर:
मग १९१८ च्या फ्लूच्या साथीत तरुण एवढे का दगावले?

जीवशास्त्र शिक्षिका, डिचोली:
तो मोठा अपवाद खरा. त्या वेळच्या वृद्धांचा लहानपणी मिळत्याजुळत्या विषाणूशी संबंध आला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. जुन्या ओळखीची स्मृती म्हातारपणीही बरीच टिकते. अडचण नव्या ओळखीची असते. लशीलाही याच कारणाने कमी प्रतिसाद मिळतो, म्हणून काही देशांत ६५ वर्षांवरील लोकांना चौपट प्रतिजन (विषाणूचा जो अंश पाहून शरीर त्याला ओळखायला शिकते तो) असलेली फ्लूची लस देतात.

फोंडेकर:
परिचारिकाबाई, चौथ्या दिवशी आईने पेजेचे ताट तसेच ठेवले होते आणि मला मामाच्या नावाने हाक मारली होती. रात्री झोप झाली नसेल, असे आम्ही समजलो.