आईचे शेक (रेडिएशन) चालू आहेत, तोंड आतून पूर्ण सोललंय, दुखणं कसं कमी करायचं?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी. आईला (वय ६२) गालाच्या आतून कॅन्सर होता, ऑपरेशन झालं, आता शेक चालू आहेत, ३० पैकी १७ झाले आणि आठवड्यातून एकदा किमो पण, सिस्प्लॅटिन. चाळीस वर्षं मिश्री लावायची, आता ते काढून काय उपयोग. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही म्हणून आम्ही निवांत होतो आणि गेल्या सोमवारपासून तोंड लालभडक, आत पांढरे पापुद्रे, थुंकी गिळताना सुद्धा डोळ्यांतून पाणी. काल नाचणीची पेज दिली तर एक चमचा तोंडात घेतला नि तसाच धरून बसली, एक हात कानावर दाबलेला, आणि मी बघतोय हे कळल्यावर मान हलवून बरंय अशी खूण केली. डॉक्टरांना पण हेच, बरंय. पॅरासिटामॉल दिलीये, आम्ही फारच दुखलं की देतो. शेजारच्या काकांनी त्यांची गुडघ्याची डायक्लोफेनॅक आणून दिलीये, म्हणाले सूज उतरेल. देऊ का? मावशी म्हणते हळदीच्या कॅप्सूल चालू कर. काही सुचत नाहीये.

सिस्टर_सांगली:
दादा ती डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका, आधी हे वाचा मग बाकीचं. सिस्प्लॅटिन आधीच किडनीवर ताण टाकतं, त्यात आई पाणी कमी पितायत, वरून ही गोळी गेली तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढायला वेळ लागत नाही. किमोने प्लेटलेट कमी होतात आणि या गोळीने रक्तस्रावाचा धोका अजून वाढतो. आणि ही गोळी काय नि पॅरासिटामॉल काय, दोन्हीने ताप झाकला जातो, म्हणून गोळी द्यायच्या आधी थर्मामीटर लावायची सवय ठेवा. किमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण हॉस्पिटल गाठायचं. हळद भाजीत असते तेवढी असू द्या, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पांढरं दिसतंय ते बुरशी पण असू शकते, ते उद्याच दाखवा, त्याचं औषध वेगळं असतं.

बाबांची_लेक:
माझ्या बाबांना जिभेचा होता, ३३ शेक झाले, तुमच्या आईसारखेच ते पण सगळ्यांना बरंय म्हणायचे. मी शेवटी डॉक्टरांसमोर त्यांना विचारायचंच बंद केलं, एक वही केली, शून्य ते दहा मधलं किती दुखतंय ते बोटांनी दाखवायला लावायचे, सकाळी, जेवायच्या आधी, रात्री, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवायचे. ८, ९, ८ असे आकडे बघितल्यावर त्यांनी लगेच औषध बदललं. दुसरं म्हणजे दुखलं की गोळी हे बंद करा, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या, दुखणं एकदा डोक्यात गेलं की मग उतरायला फार त्रास होतो. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ नि पाव चमचा खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी गुळण्या, जागे असतील तेव्हा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. बधिर करायचं जेल मिळतं ते लिहून घ्या, जेवायच्या थोडं आधी लावायचं, पण मग खाणं गरम देऊ नका, भाजलेलं कळत नाही आणि गाल चावला जातो. मऊ भात, पातळ वरण, थंड शिरा, केळं कुस्करून दुधात. तिखट आंबट सगळं बंद. आणि नाकातून नळी घालायची म्हणाले तर नाही म्हणू नका, आम्ही दहा दिवस नाही नाही केलं, तेवढ्यात वजन उतरलं आणि शेवटी घालावीच लागली.

माणदेशी_पोरगा:
खूप आभार ताई, सिस्टर तुमचे पण. काकांची गोळी परत देऊन आलो. वही केली, आईने दहापैकी नऊ बोटं दाखवली, मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. बुरशी होतीच, औषध चालू झालं. आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, दर चार तासांनी. बाबा घाबरलेत, म्हणतात मॉर्फिन म्हणजे शेवटचं, नाहीतर सवय लागणार.

सिस्टर_सांगली:
बाबांना सांगा, शेवटचं वगैरे काही नाही. शेकाने तोंड सोललं की बऱ्याच पेशंटना तेवढ्यापुरतं लागतं, शेक संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत तोंड भरून येतं (थोडं जास्त पण लागू शकतं) मग डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात, आपण एकदम बंद करायचं नाही. दुखण्यासाठी सांगितलेल्या डोसने घेतलं तर व्यसन लागायची शक्यता फार कमी. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून घ्या, इसबगोल नको, पाणी कमी पोटात जात असताना ते आतच घट्ट बसतं. एक-दोन दिवस झोप, मळमळ वाटेल, ती कमी होते. पण उठवून जाग येत नसेल किंवा श्वास मंद वाटला तर पुढची गोळी थांबवून लगेच हॉस्पिटल. गिळता येत नसेल तर गोळी कुटायच्या आधी विचारा, साधी कुटता येते, लाँग अ‍ॅक्टिंगवाली (बराच वेळ हळूहळू काम करणारी) कुटायची नाही.

माणदेशी_पोरगा:
चार दिवस झाले. आज वहीत ४ आहे. अर्धी वाटी मऊ भात खाल्ला, तूप जरा जास्त घाल म्हणाली. रात्री दोनच्या गोळीला बाबाच गजर लावून उठतात आता.