अनुभव धागा: ईशान्य भारतातले लेखक-कवी तुमच्यापर्यंत कसे पोहोचले?

ईशान्य भारताबद्दल मराठीत जे लिहिले जाते त्यात प्रवासवर्णने पुष्कळ असतात, सेवेत असलेल्यांच्या आठवणी असतात आणि पूर किंवा दंगल झाली की बातम्याही असतात. तिथल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या कथा-कवितांची चर्चा मात्र फारच क्वचित होते. म्हणून हे आवाहन. आपल्या वाचनात आलेल्या तिथल्या एखाद्या समकालीन लेखकाबद्दल किंवा कवीबद्दल लिहावे, ते लेखन आपल्यापर्यंत कसे आले आणि वाचल्यावर काय झाले हे सांगावे. एकच विनंती आहे की आठही राज्यांना एका दमात गुंडाळू नये. नागालँडचे आओ नागा, मेघालयचे खासी, मणिपूरचे मैतेई, अरुणाचलची आदी जमात, आसामचे बोडो यांच्या भाषा वेगळ्या आहेत, इतिहास वेगळे आहेत आणि त्यांच्या लेखकांची दुःखेही एकसारखी नाहीत.

सातारा, लष्करी कुटुंबातील वाचक

माझे वडील सैन्यात होते आणि माझ्या शाळेची काही वर्षे नागालँडमध्ये गेली. माझ्या आठवणीतले नागालँड म्हणजे छावणीच्या कुंपणापलीकडचे डोंगर, रविवारी चर्चमधून येणारी समूहगीते, बाजारात पानांवर मांडलेल्या गोगलगायी आणि रेशमाचे किडे, आणि वडिलांना परतायला उशीर झाला की आईच्या जिवाला लागणारा घोर. कुंपणाच्या त्या बाजूलाही अशाच आया वाट पाहत असतील, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. ते मला टेमसुला आओ यांनी सांगितले.

टेमसुलाबाई (१९४५–२०२२) शिलाँगच्या विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री आणि २०१३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘दीज हिल्स कॉल्ड होम’ हा त्यांचा कथासंग्रह २००६ चा, पण त्यातला काळ आहे स्वतंत्र नागा राष्ट्रासाठी झालेल्या बंडाच्या सुरुवातीच्या वर्षांचा, म्हणजे गावे उठवून एका ठिकाणी वसवली जात होती आणि रानातही जायची चोरी होती, त्या दिवसांचा. त्यातल्या एका कथेत अपेन्यो नावाची मुलगी आहे. आवाज इतका गोड की नव्या चर्चच्या समारंभात एकटीने गाण्याचा मान तिला मिळतो. आणि नेमके त्याच दिवशी सैनिक गावात शिरतात. त्यानंतर त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या वाट्याला जे येते ते सैनिकाच्या मुलीने वाचणे सोपे नव्हते. ती कथा मी वडिलांना मराठीत सांगितली. गावे एकत्र वसवल्याचे त्यांनी आधीच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांकडून ऐकले होते. त्या दिवशी प्रथमच ते माझ्याशी त्या विषयावर बोलले आणि पुष्कळ बोलले.

मला विशेष वाटते ते हे, की टेमसुलाबाई भूमिगत बंडखोरांनाही सोडत नाहीत. त्यांच्या कथांतला साधा माणूस दोन बंदुकांच्या मध्ये भरडला जातो आणि त्यातही संधी साधून गब्बर होणारे आपलेच लोक त्याला दिसत असतात. पुढे त्यांचा ‘लॅबर्नम फॉर माय हेड’ हा संग्रह वाचला. आपल्या थडग्यावर दगडाऐवजी पिवळ्या फुलांचे झाड असावे म्हणून मुलांनाही न सांगता खटपट करणारी लेन्टिना त्यात भेटते. बंदुकीचा आवाजही न येता एक सबंध नागा कुटुंब त्या कथेत उभे राहते, आणि मला ती पहिल्या संग्रहाइतकीच मोलाची वाटते.

रत्नागिरी, अरुणाचलात शिकवून आलेले शिक्षक

मी अरुणाचल प्रदेशातील एका निवासी शाळेत शिकवत होतो. तिथल्या वाचनालयात येशे दोरजी थोंगछी यांची कादंबरी हिंदीत वाचली. ते स्वतः शेरदुकपेन जमातीचे, प्रशासकीय सेवेत होते, आणि लिहितात असमियात. याचे कारण असे, की त्यांच्या लहानपणी तो भाग नेफा (ईशान्य सीमावर्ती प्रदेश) म्हणून ओळखला जात असे आणि शाळांतून असमिया शिकवली जाई. ‘मौन ओठ मुखर हृदय’ या कादंबरीला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रस्त्याच्या बांधकामावर एक निशी जमातीची मुलगी आणि एक शेरदुकपेन तरुण भेटतात. दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याची भाषा येत नाही. मोडक्या-तोडक्या असमियात त्यांचे प्रेम जुळते. माझ्या वर्गात हे रोज घडत होते, फरक इतकाच की मधली भाषा आता हिंदी होती. एकाच बाकावरच्या तीन मुली घरी तीन भाषा बोलत आणि मधल्या सुट्टीत हिंदीत भांडत.

ममंग दाई यांच्याकडे मी त्यानंतर वळलो. पासीघाटच्या या आदी लेखिकेने प्रशासकीय सेवेत झालेली निवड सोडून पत्रकारिता पत्करली. ‘द ब्लॅक हिल’ या कादंबरीत त्यांनी १८५४ मध्ये तिबेटच्या वाटेवर मिश्मी जमातीच्या मुलखात मारल्या गेलेल्या फादर क्रिक या फ्रेंच धर्मगुरूची हकीकत घेतली आहे. इंग्रजांच्या दप्तरात ज्या मिश्मी माणसाची ओळख केवळ खुनी म्हणून उरली, त्याला त्यांनी घर दिले, बायको दिली, त्याच्या रागाला कारण दिले. कागदपत्रे ज्यांच्या बाजूने लिहिली गेली नाहीत त्यांच्यासाठी कादंबरीकाराने काय करावे याचा इतका चांगला नमुना माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

पुणे, संगणक क्षेत्रातील नोकरी

२०१२ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि पुण्या-बंगळूरहून ईशान्येकडची मुले गाड्या भरभरून घरी निघाली, त्यात माझ्या खोलीत राहणारी इंफाळची मैत्रीणही होती. निघताना तिने मला कवितांच्या झेरॉक्स प्रतींचा एक गठ्ठा दिला. त्यात थांगजाम इबोपिशक यांची एक मणिपुरी कविता रॉबिन न्गांगोम यांच्या इंग्रजी अनुवादात होती. पंचमहाभूते माणसांचे रूप घेऊन कवीला ठार मारायला येतात. कवी म्हणतो, मारायचेच असेल तर भारतीय गोळीने मारा. तशी गोळी त्यांच्याकडे नसते. ते चिडून निघून जातात आणि कवी वाचतो. मी हसले, आणि मग ज्या शहरात सकाळ-संध्याकाळ मृत्यूचीच चर्चा असते तिथे बसून माणूस असे लिहितो हे लक्षात येऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

न्गांगोम स्वतः इंफाळचे, वर्षानुवर्षे शिलाँगला राहतात, इंग्रजी आणि मणिपुरी दोन्हींत लिहितात. सोडून आलेल्या गावाविषयीची ओढ आणि त्याच गावाविषयीचा संताप त्यांच्या कवितेत एकत्र नांदतो. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले तेव्हा मैत्रिणीला फोन लागत नव्हता, आणि त्या दिवसांत मी त्यांच्याच कविता वाचत होते.

फोंडा, गोवा

थोडक्यात लिहितो. कोंकणीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला लिपीचा वाद नवा नाही. बोडो भाषा देवनागरीत लिहिली जाते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? रोमी (रोमन) लिपीसाठी तिथे आंदोलन झाले, ते चिरडले गेले, आणि अखेर देवनागरी आली. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आली. बोडो पुस्तक मी अक्षरे लावून वाचू शकतो आणि अर्थ मात्र एका ओळीचाही लागत नाही. तरी एका लेखक-मेळाव्यात बोडो कवीच्या शेजारी बसून त्याच्या ओळींवरून बोट फिरवत मी त्याच्याबरोबर मोठ्याने वाचले, याचा आनंद मला अजून आहे.

शहादा, जि. नंदुरबार, माध्यमिक शिक्षिका

मी भिल्ल समाजातली आहे. आमच्याच भागातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आम्ही चळवळीच्या शिबिरांतून ऐकत मोठे झालो. आमचे दुःख दुसरेच कोणी तरी व्यासपीठावरून आम्हाला सांगतात आणि आम्ही खाली बसून ऐकतो, अशी ती कविता आहे. तीच तक्रार मला दूरच्या टेकड्यांतून ऐकू येईल असे वाटले नव्हते.

आओ नागांमध्ये एक जुनी कथा आहे: त्यांची लिपी एका कातड्यावर लिहिलेली होती, ते भिंतीला टांगलेले असताना कुत्र्याने ओढून खाल्ले, म्हणून सारे ज्ञान तोंडी जपावे लागले. खासी लोकही आपले पुस्तक पुरात गमावल्याची अशीच कथा सांगतात. टेमसुला आओ यांच्या म्हाताऱ्या कथेकऱ्याच्या कवितेत ती कुत्र्याची कथा येते, आणि पुढे कथेकऱ्याची नातवंडेच त्याच्या गोष्टी ऐकायला तयार नसतात. मी ती आठवीच्या वर्गात भिलोरीत, आमच्या भिल्ल बोलीत, सांगितली. एका मुलाने लगेच विचारले, “बाई, मग आपली लिपी कोणी खाल्ली?” त्या आठवड्यात मुलांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणल्या. वह्यांचा तो ढीग शाळेच्या कपाटात आहे.

किन्फाम सिंग नाँगकिन्रिह यांची ‘फ्युनरल नाइट्स’ (२०२१) ही हजार पानांची कादंबरी मी मुलीच्या मदतीने हळूहळू वाचते आहे. दूर गावातल्या एका अंत्यविधीसाठी निघालेली मित्रमंडळी रात्र-रात्र गोष्टी सांगत बसतात, वाद घालतात, चेष्टा करतात, आणि त्यातून सबंध खासी समाज उलगडतो. कथानक कुठे आहे असे मुलगी विचारते. आमच्याकडे मयतीला चार दिवस माणसे जमतात तेव्हा बोलणे असेच चालते, त्यामुळे मला ते पुस्तक कुठेही लांबलेले वाटले नाही.

माझी एक खंत आहे. मी वाचले ते बहुतेक इंग्रजीत लिहिलेले किंवा इंग्रजीतून आलेले. जे कवी फक्त त्रिपुरातल्या कोकबोरोक भाषेत, मिझो किंवा खासीत लिहितात, ज्यांना मोठ्या शहरातला प्रकाशक नाही, ते माझ्या शाळेपर्यंत कधी येणार? भिलोरीत लिहिणाऱ्यांचीही हीच अवस्था आहे, म्हणून मला हे अधिक बोचते.

धागाकर्तीकडून

शहाद्याच्या बाईंनी मांडलेला मुद्दा पुढच्या भागासाठी घेऊ. आतापर्यंत त्रिपुरा आणि मिझोरामबद्दल कोणीही लिहिलेले नाही. मिझो बंडाच्या सुरुवातीला, मार्च १९६६ मध्ये, ऐझॉलवर भारतीय हवाई दलाने केलेला बॉम्बवर्षाव आणि पुढची संघर्षाची वीस वर्षे ज्या मिझो कुटुंबांनी पाहिली, त्यांच्यातून आलेल्या लेखनावर कोणाकडे अनुभव असेल, किंवा कोकबोरोक कविता थेट मराठीत आणण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे. नोकरीनिमित्त आगरतळा, लुंगलेई, धर्मनगर येथे राहिलेल्या मराठी माणसांनी तिथल्या शेजाऱ्यांना विचारून एखाद्या कवीचे नाव कळवले तरी पुष्कळ होईल.